गरम झाल्यावर आयडलिंगला इंजिन अडखळते, पेट्रोलवरही आणि सीएनजीवरही

रंकाळाकाठ

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची, बाराशे सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. २०१९ मध्ये तिला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले. आतापर्यंत ती १,१८,००० किलोमीटर चालली असून त्यांतले निम्म्याहून अधिक अंतर गॅसवर झालेले आहे. गेल्या तीन महिन्यांपासून तिचे आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे चालत राहणे, बिघडले आहे, आणि बिघाडाची तऱ्हा अशी की गॅरेजमध्ये थंड इंजिन सुरू करून पाहिले तर गाडी शहाण्या मुलासारखी वागते.

सकाळी फुलेवाडीतून निघताना इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होते, फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा बाराशे-तेराशेवर जाऊन हळूहळू खाली येतो आणि कसलीही तक्रार नसते. गंगावेशीच्या गर्दीत थांबावे लागले तरी सारे ठीक असते. मात्र ताराराणी चौकाच्या सिग्नलला पोचेपर्यंत इंजिन पूर्ण गरम झालेले असते, आणि तिथे थांबलो की ठरावीक अंतराने हिसके बसू लागतात. काटा साडेसातशेवरून साडेसहाशेपर्यंत डुचमळतो, स्टिअरिंग थरथरते, आरशातले मागचे वाहन धूसर दिसते. गाडी बंद मात्र पडत नाही. पाय किंचित ठेवून फेरे दीड हजारावर नेले की थरथर नाहीशी होते आणि पुढे शिरोलीपर्यंत महामार्गावर पिकअप जवळजवळ पूर्वीसारखाच असतो. पन्हाळ्याचा चढ चढून वर गाडी उभी केली तेव्हाचा अनुभव सर्वांत वाईट होता. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली करून ‘मिसिंग मारतेय’, म्हणजे एखादा सिलिंडर जळण चुकवतो आहे, असे न विचारताच सांगितले.

आतापर्यंत थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, चारही प्लग नवे घातले, आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एक कॉइल केवळ अंदाजाने बदलली. साडेआठ हजार रुपये गेले, फरक शून्य. आता ऑक्सिजन सेन्सर आणि पेट्रोल पंप बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. इतका खर्च करण्याआधी दोष नेमका कोठे आहे हे घरच्या घरी किंवा थोड्या साधनांनिशी ठरवता येईल का, आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

लॅम्ब्डा

लक्षणे इतक्या नेमकेपणाने लिहिल्याबद्दल आभार. बहुतेक प्रश्न ‘गाडी मिसिंग करते, काय बदलू?’ एवढ्यावरच संपतात.

‘थंड असताना बरी, गरम झाल्यावर वाईट’ या वाक्याचा अर्थ आधी लावू. इंजिन थंड असताना ई.सी.यू. (इंजिन चालवणारा संगणक) एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचे ऐकत नाही. तापमानावरून ठरवलेले, थोडे रिच (पेट्रोल जास्त असलेले) मिश्रण तो देत राहतो आणि फेरेही मुद्दाम चढे ठेवतो. अशा वेळी एखादी लहानशी उणीव झाकली जाते. पुढे सेन्सर तापतो, कूलंट ऐंशी अंशांच्या आसपास पोचते, आणि मग ई.सी.यू. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण राखण्यासाठी सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल क्षणोक्षणी कमीजास्त करू लागतो. फेरेही खाली येतात. झाकलेले दोष उघडे पडतात ते इथे. हा झाला मिश्रणाचा भाग. दुसरा भाग विजेचा आहे, कारण कॉइलच्या आतले इन्सुलेशन अशक्त झाले असेल तर ते गरम झाल्यावरच दगा देते. तिसरी गोष्ट म्हणजे तापल्यावर बदलणारी धातूंची मापे. ती शक्यता मला इथे कमी वाटते, म्हणून ती सध्या बाजूला ठेवते.

पार्ट बदलण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहून कळवा. एखादा साधा ब्लूटूथ स्कॅनर मिळाला तर बहुतेक कामे होतील.

इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करा आणि मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतल्या दाबाचा) आकडा पाहा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे तो ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसला पाहिजे. इंटरनेटवर शंभर-एकशे एक लिहिलेले असते, ते समुद्रकाठचे, त्यामुळे पंचाण्णव पाहून सेन्सरवर संशय घेऊ नका. मग इंजिन पूर्ण गरम करून, गाडी पेट्रोलवर ठेवून, आयडलिंगला आणि नंतर अडीच हजार फेऱ्यांवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ई.सी.यू. ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन कमीजास्त सोडतो त्याचे, शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (शिकून ठेवलेला) असे दोन्ही आकडे लिहून घ्या. बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रणाची फारशी तक्रार नाही असे समजावे.

स्कॅनरमध्ये सिलिंडरनिहाय मिसफायरची (मिसिंगची) मोजणी दिसत असेल तर तीही पाहा, आणि पेंडिंग कोड (ई.सी.यू.ने नोंदवलेला, पण अजून पक्का न झालेला दोष) वाचा. दिवा लागलेला नसला तरी पेंडिंग कोड असू शकतो. एखाद्याच सिलिंडरचे नाव येत असेल तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर घाला. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल, नाही तर नाही. या तपासाला एक रुपयाही लागत नाही. त्या दुसऱ्या गॅरेजने तो आधी केला असता तर आपली कॉइल वाचली असती.

आणखी दोन प्रश्न. कधी कोणी थर्मोस्टॅट काढून टाकला आहे का? आपल्याकडे ‘गाडी तापू नये’ म्हणून तो काढून टाकण्याची सवय काही मेस्त्रींना आहे; तसे असेल तर इंजिन पुरेसे गरमच होत नाही आणि ई.सी.यू. कायम थंड इंजिनाचे मिश्रण देत राहतो. आणि गॅसवर थरथर पेट्रोलइतकीच आहे की कमी?

गुऱ्हाळघर

माझ्या मते पेट्रोलकडेही पाहावे. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीला आले आणि आता पंपावर दुसरे काही मिळणे कठीण आहे. ही गाडी २०१३ ची, म्हणजे त्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही. इथेनॉल पाणी ओढून घेते, पावसाळ्यात टाकीत ओल गेली की पाणी आणि इथेनॉल खाली बसते आणि इंजिन झटके देते, असे माझ्या दुचाकीच्या बाबतीत झाले आहे. ऊस आपल्याच जिल्ह्यातला असला तरी खरे ते सांगितले पाहिजे. टाकी रिकामी करून पाहावी.

लॅम्ब्डा

शंका रास्त आहे, पण या गाडीला ती लागू पडणार नाही असे वाटते. शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी थोडे जास्त इंधन सोडावे लागते, आणि ती भरपाई ई.सी.यू. ट्रिममध्ये करून घेतो. हा परिणाम चारही सिलिंडरांवर सारखा होतो आणि इंजिन गरम होण्याची वाट पाहत नाही. टाकीतल्या पाण्याचा त्रास तर उलट सकाळी पहिल्यांदा सुरू करताना जास्त जाणवतो. शिवाय सीएनजीवरही हेच होत असेल तर पेट्रोलच्या टाकीचा प्रश्नच येत नाही. आपल्या दुचाकीत कार्ब्युरेटर असेल तर तिथली गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे भरपाई करणारा कोणी नसतो.

रंकाळाकाठ

उशिराबद्दल क्षमस्व. सहकाऱ्याचा स्कॅनर मिळाला, तेव्हा रविवारची सकाळ यातच घालवली.

थर्मोस्टॅट जागेवर आहे. कूलंट ८८ अंशांपर्यंत चढून तिथे टिकते. इग्निशन चालू, इंजिन बंद असताना प्रेशर ९५ दाखवले, अगदी ताई म्हणाल्या तसे. थंड इंजिनावर आयडलिंगला ते ३६-३७ वर स्थिर होते. गरम झाल्यावर ४० ते ४३ च्या दरम्यान सतत फडफडू लागले. पेट्रोलवर, गरम इंजिनात, आयडलिंगला दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक १४ टक्के आणि अडीच हजारावर अधिक ३ टक्के. पेंडिंग कोड पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. गॅसवर थरथर तितकीच आहे, कदाचित किंचित जास्त.

तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर घातली. कोड पुसून पुन्हा वीस मिनिटे फिरवली, तरी कोड तिसऱ्याचाच आला. मग प्लगचीही अदलाबदल केली, निष्कर्ष तोच.

आयडलिंगला ट्रिम जास्त आणि फेरे वाढवले की नॉर्मल, याचा अर्थ बाहेरची हवा कुठून तरी आत शिरते आहे, असे मी वाचले होते, म्हणून आणखी तीन तास त्यात घातले. ब्रेक बूस्टरची नळी चिमटून पाहिली, पी.सी.व्ही.ची (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये नेणारी) नळी काढून पाहिली, मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आणि इंजेक्टरांच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडून पाहिले. कुठेही आवाज बदलला नाही की फेरे हलले नाहीत. शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये इनटेकमध्ये धूर सोडून तपासून घेतले. धूर कुठूनही बाहेर आला नाही. आता मी पुरता गोंधळलो आहे.

टॅपेटवाले आबा

मी उद्यमनगरात एकोणचाळीस वर्षे इंजिनाचे काम केले. आता मुलगा दुकान पाहतो आणि मी असले धागे वाचतो. स्कॅनरमधले मला ताईंइतके कळत नाही, परंतु आपण दिलेल्या माहितीत उत्तर जवळजवळ आलेले आहे असे मला वाटते.

एक एक वगळत जाऊ. कॉइल आणि प्लग आपण बदलून पाहिले, ते सुटले. गाडी दोन इंधनांवर चालते, दोन्हींचे इंजेक्टर वेगळे आहेत, आणि मिसिंग दोन्हींवर तिसऱ्याच सिलिंडरला आहे. म्हणजे इंजेक्टर, पेट्रोल पंप, फिल्टर आणि टाकी हे सगळे एका फटक्यात सुटले. ज्यांच्या गाडीत एकच इंधन असते त्यांना ही सोय नसते, म्हणून किटवाली गाडी दुरुस्तीला आली की मी पहिला प्रश्न हाच विचारत असे. ठिणगी आहे, इंधन आहे, बाहेरची हवा शिरत नाही. मग उरते काय? कॉम्प्रेशन. आणि ते कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब, थंड असताना आहे, गरम झाल्यावर आयडलिंगला नाही, फेरे वाढले की पुन्हा आहे. माझ्या हातून गेलेल्या कामांत ही खूण बहुतेक वेळा एकाच गोष्टीची निघाली आहे. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे टॅपेट टाइट झालेले असावे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॅम यांच्यातली फट कमी झालेली असावी.

हे असे का होते ते सांगतो, कारण बरेच नवे मेस्त्री टॅपेट म्हटले की खडखड आवाजच शोधतात. आवाज करते ते सैल टॅपेट. टाइट टॅपेट गप्प असते, उलट इंजिन नेहमीपेक्षा शांत वाटते, आणि नुकसान तेच करते. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यात थंड इंजिनात बारीक फट ठेवलेली असते, ती एवढ्यासाठीच की व्हॉल्व्ह तापून लांब झाला तरी त्याला सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) पूर्ण बसता यावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेल्या वायूंच्या झोतात असतो, जास्त तापतो, म्हणून त्याची फट इनटेकपेक्षा मोठी ठेवतात. आता वर्षानुवर्षे व्हॉल्व्ह सीटमध्ये घासून आत आत बसत गेला, तर त्याची दांडी तेवढीच वर सरकते आणि फट कमी होत जाते. थंड असताना थोडी शिल्लक असते, गरम झाल्यावर शून्याच्या खाली. व्हॉल्व्ह केसभर उघडाच राहतो.

केसभर फटीतून कॉम्प्रेशन निसटायला वेळ लागतो, आणि इथेच आयडलिंगचे गणित आहे. साडेसातशे फेऱ्यांवर पिस्टनला खालून वर यायला ४० मिलिसेकंद लागतात, तीन हजारांवर फक्त १०. गळती तीच, पण निसटायला मिळणारा वेळ चौथाई. म्हणून आपली गाडी महामार्गावर पळते आणि ताराराणी चौकात लंगडते. पन्हाळ्यावर जास्त लंगडली, कारण चढाने व्हॉल्व्ह अधिक तापला होता.

गॅसचा यात हात आहे का? आहे. पेट्रोल ओलावा घेऊन येते, गॅस कोरडा येतो. व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखे काही उरत नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे तेव्हा त्याचा थर सीटवर बसून झीज थांबवत असे. २००० सालापासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले, त्या सुमारास जुन्या, मऊ सीटच्या किती हेडना आम्ही कठीण सीट ठोकल्या त्याचा हिशेब नाही. कंपनीतूनच गॅसवर येणाऱ्या गाड्यांना त्यासाठी वेगळ्या धातूच्या सीट देतात. बाहेरून किट बसवलेल्या पेट्रोल गाडीला ते भाग्य नसते, त्यामुळे तिची टॅपेटची फट ठरावीक अंतराने तपासणे आवश्यक असते. किट बसवणारा हे क्वचितच सांगतो.

खात्री अशी करावी. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडी, बॅटरी चांगली चार्ज केलेली. अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर तेच पुन्हा मोजा. बहुतेक लोक एकदाच मोजतात, आणि तेही गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी, त्यामुळे हा दोष त्यांना सापडतच नाही. गरम असताना तिसऱ्याचे कमी आले तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा उसळला तर रिंगा, नाही उसळला तर व्हॉल्व्ह.

एक घरगुती खूणही आहे. गरम इंजिन आयडलिंगला असताना सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. कागद सतत बाहेर ढकलला गेला पाहिजे. मधूनमधून आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही असे समजावे. यावर एकट्यावर विसंबू नका, पण पैसे पडत नाहीत.

लॅम्ब्डा

आबा, मी जी शक्यता ‘बाजूला ठेवते’ म्हणाले होते तीच आपण पुढे आणलीत, आणि आकडे पुन्हा पाहता आपले बरोबर दिसते.

ट्रिमच्या आकड्यांनी रंकाळाकाठ यांची दिशाभूल का केली ते मात्र स्पष्ट करते, कारण त्या चुकीचे बीज माझ्याच पहिल्या उत्तरात आहे. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. ज्या सिलिंडरमध्ये जळण झालेच नाही त्याचा सगळा ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो, सेन्सरला तो ‘मिश्रण लीन आहे, पेट्रोल कमी पडते आहे’ असा भासतो, आणि ई.सी.यू. बिचारा चारही सिलिंडरांना जास्त पेट्रोल सोडू लागतो. म्हणून आयडलिंगला अधिक १४ टक्के. अडीच हजारांवर मिसफायर थांबतो, ऑक्सिजन नाहीसा होतो, ट्रिम जागेवर येते. हवेच्या गळतीचे चित्रही हुबेहूब असेच दिसते. फरक एवढाच की गळतीत ट्रिम हे कारण सांगते, आणि इथे ती परिणाम सांगत होती. एकाच सिलिंडरचा मिसफायर कोड असताना ट्रिमवर भरवसा ठेवण्याआधी मिसफायरचे कारण शोधावे, हे मी तेव्हाच लिहायला हवे होते. प्रेशरची ती फडफडही चार सिलिंडरांपैकी एक कामचुकार असल्याची खूण होती.

ऑक्सिजन सेन्सर बदलण्याच्या सल्ल्याचे मूळही हेच असावे. सेन्सर खरे बोलत होता. त्याची किंमत पाहता तो वाचला हे चांगले झाले.

एक सावधगिरी: निदान होईपर्यंत गाडी फार फिरवू नका. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळते, आणि त्याची दुरुस्ती टॅपेटच्या कित्येक पट महाग पडते.

रंकाळाकाठ

आबा सांगतात तसेच निघाले.

गरम इंजिनावर कॉम्प्रेशन अनुक्रमे १७६, १७४, ११२, १७५ पी.एस.आय.; तिसऱ्यात ऑइल सोडल्यावर ११८. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर १७०, १६८, १५९, १६९. म्हणजे थंड असताना मोजले असते तर तिसऱ्याचे थोडे कमी आहे, वयोमानानुसार चालायचेच, असे म्हणून सोडून दिले असते. कागदाची पट्टी दर एक-दोन सेकंदांनी सायलेन्सरच्या तोंडाला चिकटत होती. आमच्या सौभाग्यवतींनी मी कागद घेऊन गाडीच्या मागे ओणवा झालेला पाहिला आणि काही न विचारता आत गेल्या.

त्यानंतर व्हॉल्व्ह कव्हर उघडून फिलर गेजने फटी मोजल्या. माझ्या इंजिनाला एक्झॉस्टची फट थंड स्थितीत ०.३० मिलिमीटर हवी. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला ०.२० ते ०.२४ मिळाली. तिसऱ्याच्या एका व्हॉल्व्हला ०.१९ आणि दुसऱ्याला ०.०५ चे पाते जेमतेम शिरले. इनटेकच्या सगळ्या फटी मापात आहेत.

आता पुढचा प्रश्न. माझ्या इंजिनात स्क्रू फिरवून फट जुळवायची सोय नाही. कॅमच्या खाली थेट बकेट (व्हॉल्व्हच्या दांडीवरची वाटीसारखी टोपी) आहे, आणि वेगवेगळ्या जाडीच्या बकेट बदलूनच फट जुळवावी लागते. एका मेस्त्रींचे म्हणणे आहे की नवी बकेट मागवण्यापेक्षा जुनीच सरफेस ग्राइंडरवर घासून घ्यावी, उद्यमनगरात तासाभरात होईल. तसे करावे का? आणि हेड उतरवावेच लागेल का?

टॅपेटवाले आबा

उद्यमनगरात काय होत नाही? ऑइल इंजिनांचे सुटे भाग करता करता ही वसाहत मोठी झाली, तेव्हा एक बकेट घासणे म्हणजे पोरखेळ. परंतु माझा सल्ला आहे की घासू नये. बकेटच्या पृष्ठभागाला दिलेला कठीणपणा वरच्या पातळ थरापुरता असतो. तो घासला गेला की कॅम आतल्या मऊ धातूवर फिरू लागतो, आणि पुढे बकेट तर जातेच, शिवाय कॅमही ओरखडतो. व्हॉल्व्हच्या दांडीचे टोक घासण्याचीही पद्धत आहे, पण तिथेही अडचण तीच, आणि टोक जरा तिरके झाले तर दांडी गाइड खाऊन टाकते. बकेट मागवा. दोन दिवस थांबणे परवडते.

हिशेब सोपा आहे. जुन्या बकेटची जाडी मायक्रोमीटरने मोजा, तीत आता मिळालेली फट मिळवा, आणि हवी असलेली फट वजा करा. समजा जुनी बकेट ३.२० ची निघाली, ३.२० अधिक ०.०५ म्हणजे ३.२५, त्यातून ०.३० गेले की २.९५ ची बकेट हवी. तेवढ्याच मापाची नसेल तर जवळची पातळ घ्या, जाड घेऊ नका. आपली गाडी गॅसवर चालते आणि फट कमी होत जाणार हे माहीत आहे, म्हणून एक्झॉस्टची फट मापाच्या वरच्या टोकाला ठेवलेली बरी. चारही सिलिंडरांच्या एक्झॉस्टच्या बकेट या खेपेलाच बदला. बाकीच्याही ०.२० वर आल्या आहेत, त्यांची पाळी वर्षभरात येईल, आणि कॅम दोनदा काढण्याची मजुरी कशाला द्यायची?

हेडचे असे. बकेट बदलायला कॅम काढावा लागतो, हेड नाही. टायमिंग चेनची खूण रंगाने करून घेतल्याशिवाय चेन सैल करू नका आणि टेन्शनर अडकवून ठेवा. बकेट बदलल्यावर गरम इंजिनाचे कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. तिसऱ्याचे १६५-१७० पर्यंत परत आले तर व्हॉल्व्ह अजून जळलेला नाही, काम झाले. ते १४०-१४५ वर अडकले तर मात्र कडा जळली आहे. मग हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलणे, सीट कटिंग आणि लॅपिंग हे सगळे आले. आपण लवकर पकडले आहे, तेव्हा बहुधा तिथवर जाणार नाही.

आणि किटवाल्याकडे जाऊन गॅसचे मिश्रण तपासून घ्या. गॅसवर लीन चालणारी गाडी व्हॉल्व्ह भाजून काढते. पेट्रोलवरून गॅसवर नेताना पेट्रोल इंजेक्शनचा वेळ आणि ट्रिम फारशी बदलता कामा नये. स्कॅनर आपल्याकडे आहेच, आपणही पाहू शकता.

गुऱ्हाळघर

म्हणजे इथेनॉल निर्दोष सुटले तर. माझ्या दुचाकीचा खटला मात्र अजून उभा आहे. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

रंकाळाकाठ

काम पूर्ण झाले. बकेट यायला दोन नव्हे, सहा दिवस लागले आणि तोवर बसने गेलो. आठही एक्झॉस्ट बकेट बदलल्या, फटी ०.३० ते ०.३२ वर ठेवल्या. गरम इंजिनाचे कॉम्प्रेशन आता १७६, १७५, १६८, १७५. आयडलिंगला काटा साडेसातशेवर खिळ्यासारखा उभा आहे, प्रेशर ३७, ट्रिम अधिक ४ टक्के. शनिवारी मुद्दाम पन्हाळ्यावर जाऊन आलो, वर दहा मिनिटे गाडी सुरू ठेवून उभा राहिलो. पार्ट आणि मजुरी मिळून जो खर्च आला तो आधीच्या अंदाजपंचे साडेआठ हजारांपेक्षा कमीच आहे.

एसी लावल्यावर किंचित थरथर अजून जाणवते, परंतु त्या वेळी फेऱ्यांचा काटा हलत नाही आणि मिसफायरची मोजणी शून्य आहे. ताई, ही इंजिन माउंटिंगची असावी का? उजव्या बाजूच्या माउंटिंगच्या रबराला चीर दिसते आहे.

गॅसवर नेल्यावर ट्रिम अधिक ४ वरून अधिक १७ होते, हेही पाहिले. आबांचा संशय खरा आहे असे दिसते. मंगळवारी किटवाल्याकडे वेळ घेतली आहे, तोपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवतो.

लॅम्ब्डा

होय. काटा स्थिर आणि अंग मात्र हलते, तर दोष इंजिनाच्या आत नसून त्याला धरून ठेवणाऱ्या रबरात असतो. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, कोणाला तरी ब्रेक दाबून किंचित क्लच सोडायला सांगा आणि इंजिन किती उचलले जाते ते बाजूला उभे राहून पाहा. गाडीच्या समोर उभे राहू नका. चीर दिसतेच आहे, तेव्हा माउंटिंग बदलावेच लागेल.

टॅपेटवाले आबा

अधिक १७ म्हणजे गॅसवर बरीच लीन आहे. किटवाल्याला आकडे कागदावर लिहून दाखवा, आणि कॅलिब्रेशन गरम इंजिनावरच करून घ्या. टॅपेट पुन्हा वीस हजार किलोमीटरला उघडून पाहा. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट आताच एक जादा घेऊन ठेवा.